मागच्या आसाचे तेल

मोटारीच्या इतिहासात इंजिनाचे गुणगान पुष्कळ झाले आहे. ज्याचा आवाज ऐकू येतो आणि ज्याची शक्ती आकड्यांनी मोजता येते, त्याचीच कीर्ती व्हावी हे साहजिकच होय. परंतु जड ओझी वाहणाऱ्या पिकअप ट्रकच्या मागे वाकून पाहिले असता दोन चाकांना जोडणाऱ्या पोलादी नळ्यांच्या मधोमध एक भोपळ्यासारखी फुगीर पेटी दिसते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गॅरेजातील कारागीर तिला डिफरन्शियल म्हणतात. तिच्या पोटात दोनपासून चार लिटरांपर्यंत दाट, उग्र वासाचे तेल असते. ते ठराविक काळाने काढून टाकून नवे भरावे लागते. काम तास-दीड तासाचे आणि हात काळे करणारे. तथापि ते तेल त्या पेटीत कसे आले, आणि ते साधे तेल का चालत नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत दोन शतकांचा इतिहास सामावलेला आहे. माणसाने प्रवासाची सोय जसजशी वाढविली, तसतसा त्या सोयीचा भार या न दिसणाऱ्या तेलावर पडत गेला, आणि काही काळ तर तो दूरच्या समुद्रातील एका मूक प्राण्यावर पडला, हा या इतिहासाचा आशय आहे.

प्रश्नाचे मूळ वळणात आहे. गाडी वळू लागली म्हणजे बाहेरच्या चाकाला लांबचा व आतल्या चाकाला जवळचा रस्ता कापावा लागतो. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल आणि गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतले, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर अधिक धावते. वर्तुळ लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. बेळगावाहून सावंतवाडीकडे उतरणाऱ्या आंबोली घाटात गाडीचे तोंड पुरते उलट्या दिशेला फिरविणारे वळण आले, तर तेवढ्या एका वळणात बाहेरच्या चाकाला ४.७ मीटरांची जादा चाल पडते.

बैलगाडीला ही अडचण कधीच भासली नाही. तिचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके आपापल्या तुंब्यांवर स्वतंत्रपणे फिरतात. एक चाक हळू आणि एक जलद फिरले तरी कोणाची तक्रार नसते, कारण ओढण्याचे काम बैल करतात. चाकांनी केवळ लोळायचे असते. तुंब्यात एरंडेलाचे वंगण घातले, की गाडीवानाचे कर्तव्य संपले. परंतु ज्या दिवशी वाफेच्या किंवा तेलाच्या इंजिनाने स्वतः चाके फिरवून गाडी पुढे ढकलावयाची असे ठरले, त्या दिवशी हा जुना सरळ व्यवहार मोडला. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवून फिरवावीत, तर वळणावर त्यांतील एकाला घसरावे लागते, धावा झिजतात आणि दांडा पिळला जातो. एकाच चाकाला शक्ती द्यावी, तर गाडी एका अंगाने ओढते.

या पेचावरील तोड मोटारीच्या आधीच सापडलेली होती. १७२० साली जोसेफ विल्यमसन या इंग्रज घड्याळजीने दोन भिन्न गतींचा मेळ घालणारी दंतचक्रांची रचना घड्याळात वापरली होती. तीच कल्पना रस्त्यावरच्या वाहनाला लावली ती ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने. पॅरिसच्या कला व उद्योग संग्रहशाळेतील कर्मशाळांचा तो प्रमुख होता. १८२८ साली त्याने आपल्या वाफेच्या गाडीसाठी जे पेटंट घेतले, त्यात मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी चक्रयोजना होती. पुढे इंग्लंडातील कोव्हेंट्री गावी जेम्स स्टार्ली याने १८७७ साली पायाने चालवावयाच्या तीनचाकीला अशीच योजना बसविली. बाप आणि मुलगा शेजारी बसून गाडी हाकीत असता मुलाच्या पायांतील जोर अधिक पडून गाडी एकीकडे वळली व दोघे रस्त्याकडेच्या झुडपांत गेले, आणि त्या फजितीतून स्टार्लीला ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी १८८६ साली कार्ल बेंझने पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत डिफरन्शियल होते, हे निश्चित. मोटार आणि डिफरन्शियल यांचा जन्म, अशा रीतीने, जवळजवळ एकत्रच झाला.

ही योजना समजून घेण्यास बैलांचे जू हा उत्तम दाखला आहे. जू मध्यभागी दांडीला बांधलेले असते. एक बैल पाऊलभर पुढे गेला तर दुसऱ्याचे टोक तेवढेच मागे येते, आणि दांडी मात्र दोघांच्या चालीच्या सरासरीने पुढे सरकते. डिफरन्शियलमध्ये इंजिनाकडून येणारा दांडा पिनियन नावाच्या लहान दंतचक्राने क्राउन नावाचे मोठे दंतचक्र फिरवितो. क्राउनला जोडलेल्या पिंजऱ्यात स्टार नावाची छोटी चक्रे असतात आणि ती दोन्ही बाजूंच्या चाकांच्या दांड्यांशी एकाच वेळी गुंतलेली असतात. सरळ रस्त्यावर स्टार स्वतःभोवती फिरत नाहीत. ते पिंजऱ्याबरोबर जातात आणि दोन्ही चाके सारखी चालतात. वळण येताच स्टार स्वतःभोवती फिरू लागतात. आतले चाक जितके मागे पडते, तितकेच बाहेरचे पुढे जाते. क्राउनची गती दोहोंची सरासरी असते. चालकाला यातले काहीच करावे लागत नाही. रस्ताच यंत्राला आज्ञा देतो.

आता तेलाकडे वळावयाचे. आरंभीच्या जड मोटारींत डिफरन्शियल बहुधा मधल्या दांड्यावर असे आणि तेथून उघड्या साखळ्यांनी मागची चाके फिरविली जात. धूळ आणि चिखल यांनी या साखळ्या लवकर झिजत. १८९८ साली लुई रेनो याने आपल्या छोट्या मोटारीत साखळी काढून टाकून दांड्यानेच मागच्या आसापर्यंत शक्ती नेली. ही पद्धत रुळल्यावर पिनियन, क्राउन आणि स्टार एका बंद पेटीत आले. पेटी बंद झाल्यामुळे तिच्यात वंगणाचा साठा ठेवता येऊ लागला. क्राउनचा खालचा भाग त्यात बुडालेला असतो. तो फिरताना तेल वर उडवितो आणि तेच तेल सर्व दात्यांना व बेअरिंगांना न्हाऊ घालते. इंजिनाप्रमाणे येथे तेल उपसणारा पंप नाही आणि ते गाळणारी गाळणीही नाही. ही एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण तेल बदलण्याची गरज तिच्यातूनच निर्माण होते.

त्या वेळचे दाते सरळ कापलेले असत, आणि त्यांना घट्ट खनिज तेल किंवा ग्रीस पुरत असे. मात्र ते आवाज फार करीत. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे विल्यम ग्लीसन याने १८७४ साली शंकूच्या आकाराची दंतचक्रे कापणारे यंत्र तयार केले होते. त्याची कन्या केट ग्लीसन अकराव्या वर्षापासून वडिलांच्या कारखान्यात काम करू लागली आणि पुढे १८९३ साली ही यंत्रे विकण्यासाठी तिने युरोपचा दौरा केला. १९१४ साली अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने तिला सभासद करून घेतले. त्या संस्थेची पूर्ण सभासद होणारी ती पहिली स्त्री होय. याच कारखान्याच्या यंत्रांनी १९१३ च्या सुमारास वक्र दात्यांची चक्रे कापता येऊ लागली. ही चक्रे एकमेकांत हळुवार शिरत असल्याने आवाज कमी झाला.

त्यानंतरचे पाऊल अधिक धाडसी होते. १९२० ते १९३० या दशकाच्या मध्यास ग्लीसनच्या कारखान्याने हायपॉइड जातीची दंतचक्रे पुढे आणली आणि पॅकार्ड या नामांकित मोटार कंपनीने ती १९२६ साली स्वीकारली. या रचनेत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर न बसता तिच्या बराच खाली बसतो. त्यामुळे इंजिनाकडून येणारा दांडा खाली आला, गाडीची बैठक खाली आणता आली, पिनियन अधिक मोठा व बळकट करता आला आणि आवाज आणखी घटला. उतारूला सर्व लाभच लाभ दिसला. पण यंत्राला त्याची किंमत मोजावी लागली. साध्या शंकुचक्राचे दाते एकमेकांवर प्रामुख्याने लोळतात. हायपॉइडचे दाते लोळता लोळता एकमेकांवर लांबीच्या दिशेने घासतही जातात. प्रचंड दाब आणि घसरण एकत्र आली म्हणजे साध्या तेलाचा पातळ पापुद्रा पुसला जातो, उघडे पोलाद उघड्या पोलादाला भिडते, क्षणभर तेथे जणू डाख बसतो आणि पुढच्याच क्षणी तो तुटून दात्याचा पृष्ठभाग ओरबाडला जातो.

म्हणून हायपॉइडबरोबर नव्या प्रकारच्या तेलाची आवश्यकता उत्पन्न झाली. गंधक, क्लोरीन, फॉस्फरस व शिसे यांची संयुगे तेलात मिसळली, तर जेथे दाब आणि उष्णता कमालीची वाढते तेथेच ती धातूशी संयोग पावतात आणि दात्यावर एक अतिसूक्ष्म, नरम थर तयार करतात. घर्षणात हा थर झिजतो, पोलाद वाचते आणि झिजलेल्या जागी थर पुन्हा बसतो. डिफरन्शियलच्या तेलाला येणारा उग्र वास मुख्यतः गंधकाचा आहे. या बचावात ती संयुगे मात्र हळूहळू खर्च होत जातात. तेल डोळ्यांना तेलासारखे दिसत राहते, पण त्यातील रक्षणशक्ती ओसरलेली असते.

येथे इतिहास अनपेक्षितपणे समुद्राकडे वळतो. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या प्रचंड डोक्यात मेणाशी नाते असलेले तेल असते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत दिवे आणि मेणबत्त्या यांसाठी त्याची शिकार होत असे. १८५९ साली पेनसिल्व्हानियात खनिज तेलाची विहीर लागली, रॉकेल स्वस्त झाले आणि दिव्यांपुरती देवमाशाची गरज संपली. परंतु विसाव्या शतकात यंत्रांनी ती पुन्हा निर्माण केली. गंधकाची प्रक्रिया केलेले स्पर्म तेल खनिज तेलात उत्तम मिसळते, उष्णतेत टिकते आणि भारी दाबाखाली दात्यांना धरून राहते, असे आढळून आले. मोटारींच्या गिअर तेलांत त्याचा सर्रास उपयोग होऊ लागला. १९६० नंतरच्या दशकात जगभर दरवर्षी वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले जात होते. त्या संहाराचा सर्व दोष गिअर तेलावर टाकणे अन्यायाचे होईल; चामड्यापासून सौंदर्यप्रसाधनांपर्यंत त्या तेलाचे गिऱ्हाईक अनेक होते. तरी गुळगुळीत रस्त्यावरून निःशब्द धावणाऱ्या मोटारीच्या सुखात या प्राण्याचाही वाटा होता, हे नाकारता येत नाही.

१९७० साली अमेरिकेच्या शासनाने स्पर्म व्हेलचा समावेश नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत केला आणि लवकरच त्याच्या तेलाची आयात थांबली. तेल तयार करणाऱ्यांवर मोठाच प्रसंग ओढवला. रसायनशास्त्रज्ञांनी वनस्पतिजन्य व कृत्रिम पर्याय शोधले. अमेरिका व मेक्सिको यांच्या वाळवंटी सरहद्दीवर वाढणाऱ्या होहोबा या झुडपाच्या बियांतील तेल रचनेने स्पर्म तेलाच्या फार जवळचे आहे, हे ध्यानी आल्यावर त्याच्या लागवडीला चालना मिळाली. गंधक व फॉस्फरस यांवर आधारलेली नवी संयुगे स्थिरावली. १९८२ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तो अमलात आला. देवमाशावाचून यंत्र चालणार नाही अशी जी समजूत होती, ती कायद्याच्या रेट्याने खोटी ठरली. गिअर चालूच राहिले.

पिकअप ट्रकची कथा याच प्रवाहाला येऊन मिळते. फोर्ड कंपनीने १९१७ साली एक टन ओझ्याचा मॉडेल टीटी ट्रक काढला आणि १९२५ साली कारखान्यातच मागे उघडी हौदी बसविलेली पिकअप विक्रीस आणली. १९५३ पासून एफ-२५० व एफ-३५० ही जड कामाच्या गाड्यांची नावे रूढ झाली. शेतकरी, बांधकामाचे कंत्राटदार आणि घोड्यांचे वा गुरांचे गाडे ओढणारे लोक यांची ती गाडी. अशा गाड्यांचा मागचा आस वेगळ्या बांधणीचा असतो. ओझ्याचा सगळा भार बाहेरचे नळकांडे पेलते आणि आतला दांडा फक्त चाक फिरविण्याचे काम करतो. जनरल मोटर्सच्या १९७३ पासूनच्या एका प्रसिद्ध आसाला तर त्याच्या मागील झाकणाच्या चौदा बोल्टांवरूनच नाव पडले. मुंबईत १९४७ पासून जुळणी होऊ लागलेल्या विलीस जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांतही हायपॉइड चक्रे होती. म्हणजे हा तेलाचा प्रश्न भारतीय कारागिरांच्या हाती आला त्यालाही पाऊणशे वर्षे उलटली.

जड गाडीच्या तेलाचे शत्रू तीन. पहिला उष्णता: मागे ओढगाडी जोडून लांब चढ चढताना आसातील तेल अतिशय तापते आणि तापलेले तेल लवकर जुने होते. दुसरा शत्रू दात्यांची स्वतःची झीज: गाळणी नसल्याने पोलादाची भुकटी तेलातच फिरत राहते. तिसरा पाणी: पेटीला हवा घेण्यासाठी एक छोटी नळी असते, तापलेला आस ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि नळीतून किंवा सीलमधून पाणी आत खेचले जाते. म्हणून कारखानदार आपापल्या आसासाठी अंतर ठरवून देतात आणि ओझे वाहणाऱ्या, ओढगाडी ओढणाऱ्या व पाण्यातून जाणाऱ्या गाडीसाठी ते अंतर पुष्कळ कमी धरतात.

तेल बदलण्याच्या कामातील प्रत्येक पायरीला कारण आहे. गाडी थोडी चालवून आणली म्हणजे तेल पातळ होऊन भुकटीसह बाहेर येते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावे लागते. त्यानंतर जुने तेल सोडण्याच्या आधी भरण्याचा प्लग उघडून पाहणे, हा जाणत्या कारागिराचा पहिला नियम होय. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच सोडून दिले असेल, तर गाडी कोरडी होऊन जागीच अडकते. काही आसांना खाली सोडण्याचा प्लग असतो; काहींना नसतो, आणि तेथे मागचे झाकणच काढावे लागते. झाकणाचे खालचे बोल्ट आधी काढून वरचे एक-दोन सैल ठेवले, तर तेल अंगावर न येता खालच्या परातीत पडते.

बाहेर पडलेले तेल हा त्या आसाचा रोजनामाच असतो. चुंबकावर करड्या मलमासारखी बारीक भुकटी असेल तर ती वयोमानाची झीज समजावी. बोटाला लागतील असे तुकडे किंवा दात्याचा टवका मिळाला तर आस उघडून तपासण्यावाचून गत्यंतर नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलेले आहे. करपल्यासारखा वास असेल तर आस अतिशय तापलेला आहे. झाकणाची कड खरवडून, पुसून, नवी गॅसकेट किंवा लेप लावून बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावयाचे असतात. एका बाजूने आवळत गेल्यास झाकण वाकते व गळती सुरू होते. नवे तेल बहुधा भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत आणावयाचे, आणि कारखान्याने पातळी काही अंतर खाली सांगितली असेल तर तेथपर्यंतच.

तेलाची निवडही बेताने करावी लागते. हायपॉइड आसासाठी जीएल-५ या प्रतीचे तेल लागते. दाटपणा ७५ डब्ल्यू ९० असावा की ७५ डब्ल्यू १४०, हे गाडीचे पुस्तक सांगते. हेच जोरकस तेल पितळी भाग असलेल्या काही गिअरपेट्यांना मात्र मानवत नाही. काही आसांत चिखलात एकच चाक गरगर फिरू नये म्हणून घर्षणाच्या चकत्या बसविलेल्या असतात. त्यांना निराळे घर्षणनियामक द्रव्य लागते. ते नसेल तर वळणावर आस कुरकुरतो आणि थरथरतो. आणि काढलेले तेल कोठे टाकावयाचे, हा प्रश्नही शेवटचा असला तरी लहान नाही. ते गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतले तर त्यातील धातूची भुकटी आणि रसायने जमिनीत व विहिरीत उतरतात. झाकणाच्या डब्यात भरून ते जुने तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे देणे हाच योग्य मार्ग होय.

इंजिनाचे तेल कमी झाले तर समोरचा दिवा लागतो. मागच्या आसाला बहुतेक गाड्यांत असा दिवा नाही. तो आधी काही बोलत नाही, आणि त्याचे घोंघावणे ऐकू येऊ लागते तेव्हा दाते बहुधा वाया गेलेले असतात. पेकरने चाकांची अडचण सोडविली, ग्लीसनच्या कारखान्याने आवाज मिटविला, शास्त्रज्ञांनी देवमाशाची जागा वनस्पतीला आणि प्रयोगशाळेला दिली. एवढ्या सगळ्यांनी हलका करीत आणलेल्या भारापैकी गाडीच्या मालकाकडे उरलेला भाग फारच थोडा आहे: वेळेवर भरण्याचा प्लग उघडावा, जुने तेल काय सांगते ते पाहावे आणि ते जमिनीवर न सांडता योग्य जागी पोहोचवावे.